एकोणीस शनिवार

नोएडा, सेक्टर ५१
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

दीड वर्ष तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. या वाक्यापुढे 'ऑफिसात फार काम होतं' असं लिहिलं होतं, ते खोडलं. काम होतं, पण कारण ते नव्हतं.

दोन भाऊबीजा चुकल्या. यंदा मी निघाले होते, हे तुला माहीत नसेल. आदल्या दिवशी कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनातून चिरोटे आणि वहिनीसाठी भाजणी आणली. (मयुरा, हे तूच बाबांना वाचून दाखवत असशील. भाजणी म्हणजे थालीपिठाचं पीठ.) मेट्रोने सिकंदरपूरपर्यंत आले. तिथून तुमचं घर रिक्षाने दहा मिनिटं. फलाटावरच्या बाकावर पाऊण तास बसले आणि परत फिरले. चिरोटे दुसऱ्या दिवशी ऑफिसात वाटले. आमचे साहेब म्हणाले, "वीणाजी, ये मठरी तो मीठी निकली!" भाजणी अजून डब्यात आहे.

तुझा लेख मिळाला. मयुराने टाइप केलाय, तरी वाचताना तूच समोर बसून बोलतोयस असं वाटतं. सुरुवातीला तू लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरची गच्ची घेतलीस, पाण्याच्या टाकीला टेकवलेली दुर्बीण घेतलीस, आणि आई वर येऊन विचारायची ते "दिसली का रे तुमची लाजरी?" हेही घेतलंस. शास्त्रीय लेखात ते ठेवतील का, माहीत नाही. ठेवावं असं मला वाटतं. सारथी तारकासमूहातला तो तांबडा तारा चौदा महिन्यांत फुगतो आणि आकसतो, उजळतो आणि मंदावतो, हे आईला कधी पटलं नाही. ती म्हणायची, लाजते बिचारी.

तीस वर्षांत आपल्याला तिचे सतरा तळ बघायला मिळाले, बाकीचे पावसाळ्यात गेले. त्यातल्या पंधरा तळांत ती शंभराच्या खाली कधी गेली नाही. (मयुरा, तळ म्हणजे ती सगळ्यात मंद असते तो काळ, आणि शंभर म्हणजे दहा पूर्णांक शून्य. आकडा जितका मोठा तितका तारा मंद. ताऱ्यांच्या नकाशावर दशांशचिन्ह देत नाहीत, तो ठिपकाही तारा वाटेल म्हणून. बाबा आणि मी बोलतानाही ते गाळतो.) आणि शेवटच्या दोन तळांत, २०२२ आणि २०२३ च्या, ती एकशे पाचच्याही खाली गेली. म्हणजे लाजरी बदलते आहे. तू लिहिलंयस, "दोन निरीक्षकांनी, एकमेकांचा आकडा न पाहता केलेल्या एकोणीस नोंदी."

त्याखाली माझी सही हवी, हे कळलं. थोडे दिवस दे. जुने आकडे एकदा ताडून बघते.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
वीणा

१६ नोव्हेंबर २०२५

दादा,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तुला आलेलं प्रत्येक पत्र मयुराच्या तोंडून जातं, आणि यात मयुरा आहे.

काल ती आली. फोन न करता, थेट गुरुग्रामहून कॅब करून. दारातच म्हणाली, "आत्या, आज सही घेऊनच जाणार. चहा नंतर."

"आधी आत तर ये."

"बाबा रोज विचारतात, यार. सकाळ-संध्याकाळ. 'वीणाचा फोन आला का?' मग स्वतःच म्हणतात, 'आकडे तपासत असेल. फार चिकट आहे ती.' चिकट म्हणजे कंजूस ना?"

"इथे नाही. इथे काम सोडत नाही तो."

"अच्छा. मग ठीक आहे."

मी पोहे केले. ती कट्ट्यावर बसून तुझ्याबद्दल सांगत होती. उजव्या डोळ्याने आता उजेड आहे की नाही एवढंच कळतं, आणि डाव्याने बांगडीतून बघितल्यासारखं, हे मला माहीत होतं. पण तू वहिनीला बघताना आधी कपाळ शोधतोस आणि मग नजर खाली आणतोस, हे माहीत नव्हतं. सोसायटीच्या बागेत कठड्याला हात लावून एकोणसाठ पावलं जातोस आणि वळतोस. एकोणसाठच का, विचारल्यावर म्हणालास, "साठाव्याला कुंडी आहे."

मग ती म्हणाली, "पण बाबा शांत आहेत, आत्या. लोक म्हणतात ना, आधी तपासलं असतं तर, हे केलं असतं तर. बाबा बिल्कुल नाही म्हणतात. तुला माहितेय, कोणी घरी आलं की काय सांगतात?"

मला माहीत होतं. तू डॉक्टरांना पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. जून २०२३. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू गुपचूप वाढतो, दुसरा डोळा पहिल्याचं झाकून घेतो, वर्ष-दीड वर्ष आधी आला असतात तर होती ती नजर थांबवून धरता आली असती. तू म्हणालास, "आधी कळणं शक्यच नव्हतं. मी दर शनिवारी त्याच उजव्या डोळ्याने दुर्बिणीतून बघतो आणि माझी बहीण माझ्यामागून. आमचे आकडे शेवटपर्यंत जुळत होते. डोळा बिघडला असता तर आधी तिथे कळलं असतं." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान हलवली.

मयुरा म्हणाली, "त्या एका गोष्टीवर बाबांना झोप लागते."

जाताना तिने विचारलं, "एक विचारू? आई म्हणते, तुला बाबांना असं बघवत नाही, म्हणून येत नाहीस. खरंय?"

मी हो म्हणाले. तिने मला मिठी मारली. खोट्या उत्तरासाठी मिठी मिळाली, तीही मी घेतली.

सही दिली नाही. अजून दोन आकडे ताडायचे आहेत असं सांगितलं. मागच्या पत्रातही तेच लिहिलं होतं, तेही खोटं होतं. ताडायचं काही नाही. एकोणीसही आकडे मला पाठ आहेत.

२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

हे पत्र मयुराने किंवा वहिनीने वाचायचं नाही. मीच शनिवारी येऊन तुला वाचून दाखवणार आहे. मग लिहायचं कशाला, असं तू म्हणशील. बोलायला लागले तर मी मधेच वाट बदलेन, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे. लिहिलेलं असलं की वाचावं लागतं.

४ डिसेंबर २०२१. गुरुग्रामबाहेर सोहन्याच्या बाजूची, आपण अंधारासाठी जायचो ती गच्ची, संध्याकाळचे आठ, अमावास्या. तू आधी बघितलंस, चिठ्ठीवर आकडा लिहिलास, चिठ्ठी पालथी ठेवलीस. मग मी. लाजरी मला दिसली. मंद होती, पण नजर जरा बाजूला टाकली की स्पष्ट यायची. मी लिहिलं, अठ्ठ्याण्णव. लाल कागद लावलेल्या टॉर्चखाली दोन्ही चिठ्ठ्या उलटल्या. तुझ्या चिठ्ठीवर होतं, "शेजारचा एकशे पाचचा तारा दिसतो, लाजरी नाही. त्याहून मंद."

तू म्हणालास, "पुन्हा बघ."

मी पुन्हा बघितलं. ती तिथेच होती. मी डोळा काढला, थांबले, परत लावला. होती.

तू म्हणालास, "काय गं? ढगातला तारा?"

ही चेष्टा तुझ्याकडून मी अठ्ठावीस वर्षं ऐकत होते. चौदा वर्षांची असताना क्वार्टरच्या गच्चीवर ढग आले, तू खाली गेलास, आणि वहीतली जागा रिकामी राहू नये म्हणून मी मनाने आकडा टाकला. तू दुसऱ्या दिवशी पकडलंस. रागावला नाहीस. फक्त त्यानंतर कोणीही आलं, मामा, तुझे मित्र, पुढे वहिनी, की सांगायचास, "आमच्या वीणाला ढगातूनही दिसतात." सगळे हसायचे. मीही हसायचे. त्या रात्री मला खरोखर वाटलं की मी परत तेच करते आहे. शंभराच्या आसपास तिचा तळ असतो हे मला माहीत आहे, म्हणून मला ती तिथे दिसते. तू तीस वर्षं बघतोयस, तुला दिसत नाही, म्हणजे नाही.

मी अठ्ठ्याण्णव खोडलं आणि लिहिलं, दिसली नाही.

हे एकदा झालं असतं तर चूक म्हणता आली असती. पुढच्या शनिवारी तू स्टुलावरून उठताना जीभ टाळ्याला लावून 'च्' केलंस. ते ऐकून मला कळलं की तुला दिसली नाही. मी बघितलं, मला दिसली, आणि मी चिठ्ठीवर थेट 'दिसली नाही' लिहिलं. खोडायची गरज पडली नाही. चिठ्ठ्या जुळल्या. तू खूश झालास. परतीच्या वाटेवर ढाब्यावर थांबलो, तू दोन पराठे खाल्लेस आणि म्हणालास, "काहीतरी होतंय तिला, वीणा. आपण बघतोय आणि काहीतरी होतंय."

त्या हिवाळ्यात असे अकरा शनिवार. २०२३ च्या तळात आठ.

माझी स्वतःची डायरी आहे, हे तुला माहीत आहे. प्रत्येक रविवारी मी त्यात लिहीत होते, "काल मला दिसली. सत्त्याण्णव. दादाला नाही." एकोणीसही वेळा खरा आकडा लिहिला आहे. यात मी प्रामाणिक होते असं तेव्हा मला वाटायचं. खरं एका वहीत लिहायचं आणि खोटं दुसरीत उतरवायचं, याला मी इतके दिवस काय म्हणत होते, कोण जाणे.

आणि फक्त माझ्या डोळ्यांवर विश्वास नव्हता म्हणून केलं, एवढंच सांगितलं तर तेही अर्धंच होईल. आकडे जुळले नाहीत की तू गप्प व्हायचास, लवकर आवरायला घ्यायचास. जुळले की आपण पराठे खायचो. तुला घर होतं, कॉलेज होतं, वहिनी, मयुरा. मला शनिवार होता.

डॉक्टरांचं बोलणं ऐकल्यावर मी काचबिंदूवर जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं. नजरेत डाग पडतात आणि मेंदू आजूबाजूचं घेऊन ते भरून काढतो, म्हणून माणसाला कळत नाही. मंद तारा पकडायला तू नजर नेहमी डावीकडेच टाकायचास. लाजरी दर वेळी त्याच डागात पडत होती. एकशे पाचचा तारा डागाच्या बाहेर होता, म्हणून तो दिसायचा. दोन्ही डोळे उघडे ठेवून जगताना हे तुला कळलंच नसतं. एका डोळ्याने, एका ठरलेल्या जागी, दर आठवड्याला बघणारं एकच काम जगात होतं. आणि ते तपासायला दुसरं माणूस मुद्दाम ठेवलेलं होतं. ती मी.

त्या पहिल्याच हिवाळ्यात तू टोलनाक्याच्या खांबाला उजवा आरसा दोनदा घासलास. मी म्हणाले होते, "दादा, खांब सरकलाय वाटतं." आपण दोघंही हसलो होतो.

सही मी करू शकत नाही. लाजरी अठ्ठ्याण्णवच्या आसपासच होती. तिचा तळ खोल गेलेला नाही.

वीणा

३० नोव्हेंबर २०२५

दादा,

हेही पाठवणार नाही. काल जे झालं ते तुलाही माहीत आहे, पण तू दिलेली सवय आहे, बघितल्यावर लगेच लिहायचं.

अकरा वाजता पोचले. तू बाल्कनीत उन्हाला बसला होतास. माझी चाहूल लागली तेव्हा म्हणालास, "वीणा? चप्पल अजून तशीच घासतेस." वहिनी चहा घेऊन आली. मी तिला म्हटलं, मला दादाशी एकटीला बोलायचंय. तिने कप ठेवले, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. दार लोटून घेतलं नाही.

मी वाचलं. एकदाही वाट बदलली नाही. वाचून संपलं. खाली कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याच्या पाइपचा आवाज येत होता. मला वाटलं, आता ओरडशील. ओरडावंस, असं वाटत होतं.

तू म्हणालास, "डायरी आणलीस?"

"हो."

"वाच. तारीख आणि आकडा. बाकी नको."

मी वाचत गेले. चार डिसेंबर, अठ्ठ्याण्णव. अकरा डिसेंबर, अठ्ठ्याण्णव. एक जानेवारी, नव्याण्णव. तू मांडीवर बोटाने काहीतरी आखत होतास. सातव्या-आठव्या आकड्याला कळलं की तू आलेख काढतोयस. एकोणीस झाले. बोट थांबलं.

"म्हणजे ती तशीच आहे."

"हो."

"काही झालेलं नाही तिला."

"नाही, दादा."

तू चहाच्या कपाला हात लावलास. निवला होता. तो उचललास, पुन्हा ठेवलास. मग आत तोंड करून हाक मारलीस, "मयुरा!"

ती आली. तिचे डोळे लाल होते. सगळं ऐकलं होतं तिने.

"तिला विचार, डोळे तपासलेत का."

"बाबा, आत्या इथेच बसलीय. तुमच्या समोर."

"विचार."

मयुराने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "नाही."

"डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायचं. अडीच वर्षं झाली. तिला सांग."

"बाबा, प्लीज."

"सांग तिला. आणि म्हणावं, डायरी इथे ठेवून जा."

मी डायरी तुझ्या मांडीवर ठेवली. तू तिच्यावर दोन्ही हात ठेवलेस. तुला ती वाचता येणार नाही आणि मयुराला तू वाचायला सांगणार नाहीस. मी उठले. तू मान वर केली नाहीस.

लिफ्टपर्यंत वहिनी आली. ती कधी आवाज चढवत नाही, कालही चढवला नाही. म्हणाली, "वीणा, हे आज का सांगितलंस? एक लेख छापून आला असता. कुठे कोण वाचणार होतं? कोणाचं काय जाणार होतं?"

मी म्हणाले, "वहिनी, तो आकडा खोटा होता."

"आकडा खोटा होता," ती म्हणाली. "आणि आता रात्री तो जागा राहील तेव्हा तू नोएडात असशील." लिफ्ट आली. "पत्रं पाठवू नकोस यापुढे. वाचावी लागतात ती माझ्या पोरीला."

परतताना मेट्रोत मी तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते. ताऱ्यासाठी सांगितलं, असं म्हणता येईल. उद्या कोणी लाजरीचा अभ्यास करेल तेव्हा खोट्या एकोणीस नोंदी त्याची वाट चुकवतील, हे खरं आहे. पण मी सांगितलं ते मला सहन होत नव्हतं म्हणूनही. तुझ्या झोपेच्या बदल्यात मी माझी झोप घेतली का? आणि घेतली असेल तर ती काल रात्री आली का नाही? मला याचं उत्तर माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी आता लिहिणार नाही.

आज दुपारी मयुराचा मेसेज आला. "बाबांनी लेख डिलीट करायला सांगितला. मी केला नाही, पण केला म्हणाले. ठीक आहे ना?" मी लिहिलं, "त्यांना खरं सांग." पाठवायच्या आधी पुसलं. मग काहीच पाठवलं नाही. ती अजून वाट बघत असेल.

डोळे का तपासले नाहीत, हे तू विचारलंस, म्हणजे तिला विचारायला लावलंस. भीती वाटली असं सांगणं सोपं आहे. खरं म्हणजे, माझा डोळा चांगला निघाला तर ते मला नको होतं. आणि वाईट निघाला तर बरोबरी होईल, असंही एकदा मनात आलं होतं. अडीच वर्षं मी त्या दोन्हींच्या मधे बसून राहिले आणि त्याला तुझ्याबद्दलचं दुःख समजत आले. तुला हे कळलं तर तू मयुरालाच म्हणशील, तिला सांग, मूर्खपणा पुरे.

काल निघताना मला एक गोष्ट दिसली, ती लिहून ठेवते. मी खाली उतरून गेटपाशी आले आणि वर बघितलं. तू बाल्कनीच्या कठड्याशी उभा होतास, तोंड रस्त्याकडे. कोणाला शोधत नव्हतास. डावीकडे नजर टाकून, मान जराशी कलती, तसाच उभा होतास.

उद्या: सकाळी साडेदहा, डोळ्यांचा दवाखाना, सेक्टर २७. जुना चष्मा बरोबर नेणे.